पटल थिजलंय की वाहतंय, हे एनएमआरला कसं कळतं?

जानेवारीत सांगलीत सकाळी तुपाच्या बरणीत चमचा रोवला तर तो उभा राहतो. शेजारच्या बरणीतलं शेंगतेल मात्र धारेनं पडतं. मे महिना आला की तेच तूप बरणीत डुचमळायला लागतं. मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवते आणि दरवर्षी वर्गात या बरणीपासूनच सुरुवात करते. आपल्या शरीरातल्या एकूण एक पेशीभोवती जे पातळ आवरण, म्हणजे पटल, असतं, ते याच तुपातेलाच्या कुळातलं आहे. ते थिजलं तर पेशीचा कारभार अडतो. फार सैल पडलं तर आतलं बाहेर आणि बाहेरचं आत झिरपायला लागतं.

दोन वर्षांपूर्वी हे सांगत असताना तासगावहून येणाऱ्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, ते पटल आतल्या आत हलतंय, वाहतंय, हे कळलं कसं? कुणी बघितलंय का?" मी पुस्तकातलं एक वाक्य सांगितलं, की एनएमआर नावाचं तंत्र आहे, त्यावरून कळतं. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही, आणि ते बरोबरच होतं. प्रश्न फार चांगला होता. त्याचं उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पटल कशाचं बनलंय ते बघू. तुपाच्या रेणूत ग्लिसरॉलच्या एका छोट्या कण्याला तीन मेदाम्लं लटकलेली असतात. मेदाम्ल म्हणजे कार्बनची लांब साखळी, बहुतेक वेळा सोळा किंवा अठरा कार्बनची. यातल्या दोन साखळ्या तशाच ठेवल्या आणि तिसरीच्या जागी फॉस्फेट व त्याला जोडून कोलीनसारखा एखादा गट बसवला, की झालं फॉस्फोलिपिड. फॉस्फेटच्या बाजूचं डोकं पाण्यात रमतं, दोन्ही शेपट्या पाण्यापासून पळतात. असे असंख्य रेणू पाण्यात पडले की ते आपसूक दोन थरांत उभे राहतात. डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे तोंड करून. या दुहेरी थराची जाडी ४ ते ५ नॅनोमीटर. वहीच्या एका पानाच्या जाडीत अशी सुमारे वीस हजार पटलं मावतील.

फॉस्फोलिपिड आपल्याला काही परकं नाही. चॉकलेट-बिस्किटाच्या पुड्यावर 'इमल्सिफायर ३२२' लिहिलेलं असतं, ते लेसिथिन, म्हणजे मुख्यतः फॉस्फोलिपिडच. बऱ्याचदा ते सोयाबीनमधून काढलेलं असतं, आणि आपल्या जिल्ह्यात सोयाबीन किती पिकतं ते मी सांगायला नको. १८४०च्या दशकात गोब्ले या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं ते पहिल्यांदा वेगळं केलं, ते अंड्याच्या बलकातून. बलकाच्या ग्रीक नावावरूनच 'लेसिथिन' हे नाव आलं.

आता थिजण्याचं कारण. साखळीतले कार्बन सगळे एकेरी बंधांनी जोडलेले असतील तर साखळी सरळ राहते. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बांधता येते. मध्ये कुठे दुहेरी बंध आला की साखळी तिथे कोपरात वाकते, आणि वाकड्या फांद्यांची मोळी कितीही आवळली तरी ढिलीच राहते. तुपात सरळ साखळ्या जास्त म्हणून ते थिजतं, शेंगतेलात वाकड्या जास्त म्हणून ते वाहतं. फॉस्फोलिपिडांचंही हेच. दोन्ही शेपट्या सोळा कार्बनच्या आणि सरळ असलेलं एक फॉस्फोलिपिड आहे, त्याला थोडक्यात डीपीपीसी म्हणतात. त्याचं पटल ४१ अंश सेल्सियसला थिजलेल्या स्थितीतून सैल होतं. दोन्ही शेपट्यांत एकेक दुहेरी बंध असलेल्या डीओपीसीचं पटल शून्याच्या बरंच खाली गेल्याशिवाय थिजत नाही.

तापमानानुसार काहीतरी बदलतं हे तापमापीनं कळतं. पण "आत हालचाल किती, कुठे जास्त, कुठे कमी" हे कसं कळावं? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पटल दिसतं, पण त्यासाठी ते आधी गोठवावं किंवा सुकवावं लागतं. म्हणजे जी हालचाल बघायची तीच थांबली. चमकणारा रंग जोडून बघता येतं, पण रंगाचा रेणू आडदांड असतो. तो शेजाऱ्यांना ढकलतो, आणि मग आपण पटलाची हालचाल मोजतोय की पाहुण्याची, असा संशय उरतो. हवं होतं असं काहीतरी, जे पटलाला हात न लावता आतली चाल सांगेल.

इथून आपण मिरजेला जाऊ. सतारमेकर गल्लीत एका कारागिरांच्या दुकानात मी विद्यार्थ्यांना नेते. ते दोन तंबोरे समोरासमोर ठेवतात आणि दोन्हींची एकेक तार अगदी एकाच सुरात मिळवतात. मग बिडीच्या पानाएवढा नव्हे, नखाएवढा कागदाचा कपटा मधोमध दुमडून एका तारेवर घोडेस्वारासारखा बसवतात आणि दुसऱ्या तंबोऱ्याची तार छेडतात. पहिल्या तारेला कुणी शिवलेलं नसतं, तरी कपटा थरथरतो आणि टुणकन उडून पडतो. खुंटी जराशी पिळून सूर ढळवला की कितीही जोरात छेडा, कपटा ढिम्म हलत नाही. सतारीच्या मुख्य तारांखालच्या बारीक तारा, तरफा, याच तत्त्वावर न छेडता झंकारतात. याला अनुनाद म्हणतात. एनएमआरमधला 'आर' तो हाच.

'एम' म्हणजे मॅग्नेटिक, चुंबकीय. 'एन' म्हणजे न्यूक्लियर, अणूचं केंद्रक. या शब्दानं माणसं दचकतात, म्हणून दवाखान्यात तोच शब्द गाळून 'एमआरआय' म्हणतात. पण इथे किरणोत्सर्गाचा काही संबंध नाही. काही अणुकेंद्रकं स्वतःभोवती फिरणाऱ्या इवल्या चुंबकांसारखी वागतात, एवढंच. हायड्रोजनचं केंद्रक तसं आहे, फॉस्फरसचं आहे. नेहमीच्या कार्बनचं आणि ऑक्सिजनचं नाही. अशा केंद्रकाला जोरदार चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलं की ते भोवऱ्यासारखं डुलायला लागतं. फिरता भोवरा जरा कलला की त्याचा अक्ष गोल गोल घुमतो, अगदी तसं. घुमण्याची वारंवारता चुंबकाच्या जोरावर ठरते, आणि तो जोर टेस्ला या एककात मोजतात. २.३५ टेस्लाच्या चुंबकात हायड्रोजनचा 'सूर' १०० मेगाहर्ट्झ येतो, म्हणजे एफएम रेडिओच्या पट्ट्यात. ९.४ टेस्लाला तो ४०० होतो. त्याच सुराची रेडिओ-लहर सोडली की केंद्रकं ती शोषून घेतात, आणि लहर बंद केली की काही काळ स्वतःच झंकारत राहतात. तो झंकार तारेच्या वेटोळ्यात पकडायचा. कपटा उडाला, ते इथे असं कळतं.

हा झंकार फार क्षीण असतो. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रातही क्षेत्राच्या दिशेनं असलेली केंद्रकं विरुद्ध दिशेच्या केंद्रकांपेक्षा एक लाखात जेमतेम तीनांनी जास्त असतात. त्या तिघांचाच आवाज आपण ऐकत असतो. म्हणून एकच प्रयोग हजारो वेळा करून बेरीज करावी लागते, आणि म्हणून ही चुंबकं द्रवरूप हेलियमच्या थंडीत ठेवलेली, खोलीभर मोठी असतात.

हा झंकार पहिल्यांदा ऐकला गेला तो १९४५च्या डिसेंबरात, हार्वर्डमध्ये पर्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. त्याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये ब्लॉख यांनी तो पाण्यातून स्वतंत्रपणे मिळवला, आणि १९५२चं नोबेल दोघांना मिळून गेलं. पर्सेल यांनी चुंबकात काय ठेवलं होतं? पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचं मेण. मेण म्हणजे कार्बनच्या लांब सरळ साखळ्या, फॉस्फोलिपिडच्या शेपटीची सख्खी बहीण. मला हा योगायोग फार आवडतो. आपल्याकडेही सुरुवात लवकर झाली. १९५१ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवातल्या एनएमआरवर शोधनिबंध लिहिला होता.

आता मूळ मुद्दा. झंकारावरून हालचाल कशी कळते?

केंद्रकाचा सूर फक्त मोठ्या चुंबकावर ठरत नाही. ते ज्या बंधात बसलं आहे तो बंध चुंबकाच्या दिशेशी किती अंशाचा कोन करतो, त्यावरही सूर जरा वरखाली होतो. समजा रेणू जागच्या जागी गोठलेले आहेत आणि वाटेल त्या दिशेला तोंड करून आहेत. मग प्रत्येकाचा सूर निराळा, आणि सगळ्यांचा मिळून एक रुंद, पसरट गोंगाट. याउलट रेणू पाण्यासारखे स्वैर गडगडत असतील तर प्रत्येक जण क्षणात सगळे कोन फिरून येतो, सगळ्या सुरांची सरासरी होते आणि एकच बारीक, स्वच्छ रेष उमटते. छताचा पंखा बंद असताना तीन पाती वेगळी दिसतात आणि फुल्ल स्पीडला लावला की एक धूसर तबकडी दिसते, तसं. पंखा आपल्या डोळ्यांपेक्षा वेगानं फिरतो म्हणून पात्यांची सरासरी दिसते. एनएमआरचा 'डोळा' इथे काही मायक्रोसेकंदांत मिटतो. त्याहून वेगवान हालचालीची सरासरी होते, त्याहून सावकाश हालचालीची होत नाही.

पटल या दोन टोकांच्या मध्ये आहे. रेणू हलतो, पण स्वैर गडगडू शकत नाही. डोकं पाण्याकडे आणि शेपट्या आत, हा नियम पाळून त्याला जे काय हलायचं ते हलायचं. त्यामुळे सरासरी अर्धवट होते. आणि जी सरासरी होऊ शकली नाही, जी रुंदी शिल्लक उरली, तिच्यातच हालचालीला किती मोकळीक आहे याचं माप दडलेलं असतं. साध्या एनएमआरमध्ये रुंद रेष म्हणजे खराब नमुना समजतात. इथे रुंदीच हवी असते. माझ्या मते या साऱ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

हे माप जागेनुसार घ्यायचं तर आवाज एकाच ठिकाणाहून यायला हवा. फॉस्फोलिपिडच्या एका रेणूत सत्तर-ऐंशी हायड्रोजन असतात, सगळे एकदम बोलायला लागले तर काही कळणार नाही. यावर युक्ती अशी, की शेपटीतल्या ठरावीक कार्बनवरचे दोन हायड्रोजन काढून तिथे ड्युटेरियम बसवायचं. ड्युटेरियम म्हणजे केंद्रकात एक न्यूट्रॉन जास्त असलेला हायड्रोजनच. रसायन तेच, आकार तोच. आडदांड पाहुणा नको होता ना? हा घरचाच माणूस आहे, फक्त खिशात एक नाणं जास्त. निसर्गात तो साधारण साडेसहा हजारांत एक सापडतो, म्हणून आपण बसवलेलाच तेवढा ऐकू येतो. शिवाय ९.४ टेस्लाला त्याचा सूर ६१ मेगाहर्ट्झवर असतो, हायड्रोजनच्या ४००पासून कितीतरी दूर. रेडिओ ६१वर लावला की बाकीचे सगळे गप्प.

ड्युटेरियमचा वर्णपट, म्हणजे कोणत्या सुराला किती झंकार मिळाला याचा आलेख, दोन शिंगांसारखा दिसतो. कागदावर पहिल्यांदा बघितला तेव्हा मला आटपाडीच्या बाजारातल्या खिलार बैलाची आठवण झाली, दोन उंच टोकदार शिंगं आणि मध्ये सखल कपाळ. या दोन शिंगांमधलं अंतर मोजायचं. बंध जागीच गोठलेला असेल तर ते सुमारे १२५ किलोहर्ट्झ असतं. पूर्ण स्वैर असेल तर शून्य, दोन्ही शिंगं मिळून एकच रेष. खरं अंतर यांच्यामध्ये जिथे पडेल, तेवढी त्या जागेची मोकळीक. १२५ला भागून जो आकडा येतो त्याला शिस्तीचा गुणांक म्हणू. एक म्हणजे पूर्ण ताठ, शून्य म्हणजे पूर्ण मोकाट.

१९७४ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेल इथे अ‍ॅना सीलिग आणि योआखिम सीलिग यांनी डीपीपीसीच्या शेपटीवर एकेका कार्बनला ड्युटेरियम बसवून हे मोजलं. ४१ अंशांच्या वर, म्हणजे पटल सैल असताना. बहुतेकांना वाटेल की डोक्यापासून जसजसं लांब जावं तसतशी हालचाल हळूहळू वाढत जाईल. तसं निघालं नाही. वरच्या भागात, साधारण नवव्या-दहाव्या कार्बनपर्यंत, शिंगांमधलं अंतर जवळजवळ सारखंच राहिलं. पंचवीस-तीस किलोहर्ट्झ, म्हणजे गुणांक सुमारे ०.२. त्याच्यापुढे मात्र ते भराभर घसरलं आणि अगदी टोकाशी तीनच्या आसपास आलं.

वाळवा तालुक्यातल्या उसाच्या फडात वारा आल्यावर बघा. बुडख्याकडचा भाग कांड्यामागून कांडं जवळपास तसाच उभा असतो, कारण शेजारचे ऊस त्याला दाटीनं धरून असतात. वरचं वाडं मात्र झपाझप झुलतं. पटलातही तसंच. ग्लिसरॉलपाशी रेणू शेजाऱ्यांत दाटीनं उभे आहेत. तिथे साखळी मध्येच मुरडते, पण एक जण मुरडला की शेजाऱ्याला वाट द्यावी लागते, म्हणून सगळे एकमेकांना सावरून घेतात. टोकाशी पोचेपर्यंत ती दाटी संपते. फरक इतकाच, की पटलात उसाचे दोन फड एकमेकांवर उलटे ठेवलेत, वाड्याला वाडं लागून. म्हणजे पटलाचा सगळ्यात सैल, तेलासारखा भाग बरोबर मधोमध असतो, आणि तो असा आतून मोजून दाखवला ड्युटेरियमनं.

रुंदीवरून हालचालीची मोकळीक कळते, वेग नाही कळत. पाळणा किती लांब झोका घेतो हे कळलं, किती वेळात घेतो ते राहिलंच. त्यासाठी आणखी एक गोष्ट मोजतात. रेडिओ-लहरीनं विस्कटलेली केंद्रकं मूळ जागी परत यायला किती वेळ लावतात, ती. या वेळेला टी-वन म्हणतात. केंद्रक आपणहून परत येत नाही. आजूबाजूचे अणू हलताना जे डळमळतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्याचे धक्के लागले तर येतं. पण धक्का वेळेवर लागायला हवा. घरच्या झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकललं तर तो चढतो. अगदी सावकाश ढकललं तर नुसता हातासोबत सरकतो, आणि फार भराभर थापट्या मारल्या तर जागचा हलत नाही. तसंच शेजाऱ्यांची हालचाल केंद्रकाच्या सुराशी जुळत असेल तेव्हा टी-वन सगळ्यात कमी. याहून मंद किंवा याहून वेगवान असली तर जास्त. १९४८ साली ब्लूमबर्गन, पर्सेल आणि पाउंड यांनी हे गणितात बसवलं. निरनिराळ्या जोराच्या चुंबकांत आणि निरनिराळ्या तापमानांना टी-वन मोजत गेलं की कोणती हालचाल किती वेगानं होते ते उलगडतं.

यातून आणि इतर मोजमापांतून उभं राहिलेलं चित्र असं आहे. शेपटीतला एखादा बंध मुरडायला सेकंदाचा साधारण दहा अब्जावा भाग लागतो. अख्खा रेणू आपल्या उभ्या अक्षाभोवती गिरकी घेतो ती काही नॅनोसेकंदांत. शेजाऱ्याशी जागेची अदलाबदल सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा होते. म्हणजे एखाद्या जिवाणूच्या या टोकाचा फॉस्फोलिपिड रेणू साधारण सेकंदाभरात त्या टोकाला पोचलेला असू शकतो. पण आपला थर सोडून पलीकडच्या थरात जाणं? डोकं पाण्यात रमणारं, आणि मध्ये तेलाचा पट्टा. १९७१ साली रॉजर कॉर्नबर्ग हा तरुण विद्यार्थी मॅकॉनेल यांच्यासोबत स्टॅनफर्डमध्ये हे मोजत होता. थरातल्या थरात सरकणं एनएमआरनं, आणि कोलांटी मारून पलीकडे जाणं त्याच्याच चुलत तंत्रानं, इलेक्ट्रॉनच्या अनुनादानं. एकाच रेणूच्या दोन चालींत एवढं अंतर निघालं: सरकणं सेकंदाला निदान हजारो वेळा, आणि कोलांटीला काही तास. पेशीला ही कोलांटी लवकर हवी असते तेव्हा तिला त्यासाठी खास प्रथिनं कामाला लावावी लागतात. याच कॉर्नबर्ग यांना पुढे २००६चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मात्र दुसऱ्या कामासाठी.

फॉस्फरसबद्दल थोडक्यात. प्रत्येक फॉस्फोलिपिडच्या डोक्यात एक फॉस्फरस असतोच आणि निसर्गातला सगळा फॉस्फरस एनएमआरला ऐकू येणारा आहे. त्याला काही बसवाबसवी लागत नाही. त्याच्या वर्णपटाच्या आकारावरून रेणू दुहेरी थरात मांडलेत की नळ्यांसारखे गुंडाळलेत हे एका नजरेत ओळखता येतं. दुहेरी थरात उंच टोक एका बाजूला आणि उतार दुसऱ्या बाजूला असतो, नळ्यांमध्ये बाजू उलटतात आणि रुंदी निम्मी होते.

आणि ही कोनाची भानगड नकोच असेल तर? त्यालाही उपाय आहे. ५४.७ अंश हा असा कोन आहे की जिथे ही वरखाली नेमकी शून्य होते. नमुना भरलेली बारीक नळी चुंबकाशी त्या कोनात तिरकी धरून सेकंदाला हजारो वेळा गरगरा फिरवली की रुंद गोंगाटाच्या जागी बारीक रेषा उमटतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उच्च क्षेत्राच्या एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे. ज्या विद्यार्थ्यांना या वाटेनं जायचंय त्यांनी ती एकदा तरी बघावी असं मला मनापासून वाटतं.

तासगावच्या मुलीच्या प्रश्नाला आता उत्तर देता येतं. पटल तापवत किंवा थंड करत नेलं की ड्युटेरियमची शिंगं जवळ येतात किंवा लांब जातात, आणि थिजताना ती एकदम विस्कटून रुंद होतात. म्हणजे थिजणं आकड्यात दिसतं. मग जिवंत पेशी थिजत का नाहीत? कारण त्या फॉस्फोलिपिडांचं मिश्रण जपून करतात. थंडीत वाढवलेले जिवाणू आपल्या पटलात वाकड्या शेपट्यांचं प्रमाण वाढवतात, थंड पाण्यातले मासेही तेच करतात. आपल्या पटलात कोलेस्टेरॉल हा आणखी एक भिडू आहे. त्याचं नाव आपल्याकडे फक्त रक्ताच्या रिपोर्टमध्ये निघतं, आणि ते धास्तीनंच. पण त्याची ताठ, चपटी कडी शेपट्यांच्या मध्ये बसते आणि त्यांना धाक लावते. सैल पटलात निम्म्यास निम्मं कोलेस्टेरॉल घातलं की शिंगांमधलं अंतर जवळपास दुप्पट होतं. तरीही रेणू थरात सरकत राहतात, पटल थिजत नाही. शिस्त आणि प्रवाह एकाच वेळी सांभाळणारी ही अवस्था तुपातेलात आपल्याला कधी बघायला मिळत नाही.

शरीरात एके ठिकाणी मात्र थिजण्याकडे झुकलेलं फॉस्फोलिपिडच कामी येतं. फुप्फुसाच्या फुगवट्यांना आतून जो पातळ लेप असतो त्याचा सगळ्यात मोठा घटक डीपीपीसी आहे. त्याचं थिजण्याचं तापमान ४१, शरीराचं ३७. श्वास सोडताना हा लेप दाबला जातो, तेव्हा तो घट्ट मोळीसारखा बांधला जातो आणि फुगवट्यांना मिटू देत नाही. दिवस भरायच्या फार आधी जन्मलेल्या बाळांत हा लेप पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून त्यांना तो बाहेरून द्यावा लागतो. मिरजेच्या दवाखान्यांत काचेच्या पेटीतलं असं बाळ ज्यांनी बघितलंय त्यांना त्या चार अंशांची किंमत सांगायला नको.

सांगलीतून लिहायचं आणि हळदीचं नाव नाही, असं कसं होईल? आपल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मार्केट यार्डात सौदे चालू असतात तेव्हा त्या भागातून गेलं तरी कपड्यांना वास लागतो. हळदीचा पिवळा रंग ज्यानं येतो तो कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. फोडणीत मात्र हळद पडल्या पडल्या तेल सोनेरी होतं. तेलाची एवढी ओढ असलेला रेणू पटलात शिरणारच. पण शिरून बसतो कुठे, आडवा की उभा?

२००९ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात अय्यालुसामी राममूर्ती यांच्या गटानं घनरूप एनएमआरनं हे तपासलं. कर्क्युमिन पटलात खोलवर, उभा घुसतो आणि फॉस्फेटला हायड्रोजन बंधानं अडकून राहतो असं त्यांना आढळलं, थेट कोलेस्टेरॉलसारखं. कोलेस्टेरॉलसारखाच तो शेपट्यांना शिस्तही लावतो, तीही अगदी कमी प्रमाणात असताना. प्रमाण वाढवलं की त्याचे रेणू एकत्र जमून पटल पातळ करत असावेत असं त्यांच्या मोजमापांवरून दिसलं. मघाशी सांगितलेली शिंगांची आणि रुंदीची भाषाच यामागे आहे.

यावरून हळद अमुक रोग बरा करते असं कुणी म्हणू लागलं तर मी हात जोडून थांबवीन. हा प्रयोग शुद्ध फॉस्फोलिपिडांच्या बनवलेल्या पटलांवर आहे, माणसावर नाही. खाल्लेल्या हळदीतला कर्क्युमिन रक्तात फारच थोडा पोचतो. पण तो पटलाशी काय करतो याचं इतकं नेमकं वर्णन हाती असणं हीच मोठी गोष्ट आहे, आणि ती जपायची तर तिच्यावर नको ते दावे लादू नयेत.

त्या मुलीनं तिसऱ्या वर्षी यावरच एक छोटा प्रकल्प केला. एनएमआर आमच्याकडे नाही, पण सोयाबीनचं लेसिथिन मिळतं. तिनं एका परीक्षानळीत पाणी घेतलं, दुसरीत लेसिथिन पाण्यात घोटून केलेलं दुधासारखं मिश्रण घेतलं, आणि दोन्हींत घरून आणलेल्या राजापुरी हळदीची चिमूटभर पूड टाकून शनिवारी नळ्या स्टँडला लावून ठेवल्या. सोमवारी प्रयोगशाळा उघडली तेव्हा पहिल्या नळीत हळद तळाला बसली होती आणि वरचं पाणी फिकट होतं. दुसरीतही तळाशी गाळ होता, हळदीतल्या पिष्टाचा. पण वरचं दूध तळापासून तोंडापर्यंत पिवळंजर्द झालं होतं. ती नळी तिनं खिडकीकडे उजेडात धरली आणि म्हणाली, "मॅडम, आत्ता यातले सगळे सरकतायत ना? सेकंदाला कोटी वेळा?"

मी म्हटलं, हो.